साबणवाल्यांचा हिशेबनीस

शफीकने कागद टेबलावर आपटला. "मामी, शंभर किलोमागे चौदा किलो गायब! आता तरी त्या म्हाताऱ्याला हाकल."

म्हातारा म्हणजे अबू लुत्फी. त्या कारखान्यात एकतीस वर्षं ऑलिव्हच्या तेलाचा साबण शिजवत आलेला उस्ताद. कढईतल्या रसाचा थेंब जिभेला लावून तो सांगायचा, "अजून अर्धा दिवस," आणि अख्ख्या नाब्लस शहरात त्यावर कोणी वाद घालत नसे.

मामी म्हणजे उम्म वसीम, वसीमची आई. कारखाना तिच्या नवऱ्याचा, हाज रिफअतचा. तो दोन वर्षांपूर्वी गेला, मुलगा परदेशात, तेव्हा गादीवर हीच बसली. बसली ती डोळ्यांत तेल घालून. तेलवाला मापात मारतो, सोडावाला भेसळ करतो, कागदवाला रिमात चार ताव कमी देतो, हे तिचं पहिल्या दिवसापासूनचं ठाम मत. त्यातलं निम्मं खरंही निघालं होतं, म्हणून तर बाईचा संशय जास्तच बळावला.

वजनाची भानगड यंदाच सुरू झाली होती. हाज असताना माल गोणीवर जायचा. यंदा अम्मानच्या व्यापाऱ्याने किलोवर मागितला. म्हणून शफीकने साबणाच्या कापणीच्या दिवशी ताज्या वड्यांचं वजन केलं आणि तीन महिन्यांनी वरच्या मजल्यावरून वाळलेला माल उतरवताना पुन्हा केलं. वड्या मोजल्या असत्या तर तेव्हाच काय ते कळलं असतं. पण वाळत रचलेल्या उतरंडी मोजल्या की बरकत जाते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. कशालाच न मानणारा शफीकही मोजायला वर चढला नव्हता.

"साबण वाळतो रे," ती म्हणाली.

"वाळतो ना. पण चौदा? मामी, साबण आहे की बर्फ?"

शफीक तिच्या नणंदेचा मुलगा. मोबाइलची दोन दुकानं आणि एक दातांचा दवाखाना, एवढ्यांचे हिशेब तो बघायचा. घरचा म्हणून कारखान्याचेही बघायचा. उम्म वसीमच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती तिथेच. तिचा अबू लुत्फीवर संशय होता, पण अबू लुत्फीवर संशय घ्यायला लावणाऱ्यावरही होता.

तूर्त तिने मधला मार्ग काढला. अबू लुत्फीने वरच्या मजल्यावर एकट्याने जायचं नाही, बरोबर कोणीतरी हवंच. सगळ्या कामगारांसमोर तिने हे सांगितलं. म्हाताऱ्याने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. "बरं," एवढंच म्हणाला. त्याच्या त्या "बरं"चाही तिने आठ दिवस कीस काढला.

मग तिने दुसरा हिशेबनीस शोधायचं ठरवलं. साबणाच्या धंद्यातलाच हवा होता. असा एकच होता, मम्दूह नावाचा, सुकलेल्या चेहऱ्याचा, पन्नाशीचा. गावातल्या तीन साबणवाल्यांची कामं त्याच्याकडे होती आणि हीच तर मेख होती. त्या तिघांत एक अबू हातिम होता, उम्म वसीमचा हाडवैरी. जो माणूस अबू हातिमच्या वह्या उघडतो, तो आपल्या वह्या त्याच्यापुढे उघडणार नाही कशावरून?

तिने मम्दूहला घरी बोलावलं. मिठाई म्हणून गरम कुनाफा ठेवला, वेलदोड्याची कॉफी ठेवली आणि गोड हसली. ती गोड हसली की तिच्या सख्ख्या बहिणीही सावध होत.

"घ्या ना अजून. काय हो उस्ताद, सहज विचारते. अबू हातिमकडे वाळताना शंभराला किती घटतं?"

मम्दूहने चमचा खाली ठेवला. "ते मी नाही सांगणार."

"अहो, मी काय त्याचा कारखाना विकत घेतेय? माझ्याकडे चौदा घटलं. माझा माणूस चोर आहे की नाही, एवढंच मला कळायला हवं. एकतीस वर्षांचा माणूस आहे. उगाच काढला तर अल्लाहला काय तोंड दाखवू? आणि ठेवला आणि चोर निघाला, तर गावाला काय तोंड दाखवू?"

"दोन्ही तोंडं तुमचीच आहेत, उम्म वसीम. मी अबू हातिमचा आकडा तुम्हाला दिला, तर उद्या तुमचा त्याला देईन."

तिने कॉफीचा घोट घेतला. उत्तर बरोबर होतं आणि म्हणूनच तिला ते खटकलं. इतकं बरोबर उत्तर माणूस घरून पाठ करून येतो, असं तिला वाटलं.

"मग उपयोग काय तुमचा?"

"तुमच्याच साबणाला विचारू. पुढच्या कापणीतल्या वीस ताज्या वड्या तुमच्या घरी ठेवा, वारा लागेल अशा जागी. दर शुक्रवारी तोला. तीन महिने. त्या खोलीत तुमच्याशिवाय कोणी जायचं नाही, मीसुद्धा नाही."

हे मात्र तिला पटलं, कारण यात कोणावर विश्वास ठेवावा लागत नव्हता. वीस वड्या तिच्या झोपायच्या खोलीत खिडकीशी जाळीवर मांडल्या गेल्या. मम्दूह रात्रीत वड्या बदलायला माणूस पाठवेल, म्हणून तिने प्रत्येक वडीवर केसातल्या पिनेने खूण कोरली. शफीक भेटायला आला की ती दाराला कुलूप लावून मगच त्याला चहा द्यायची. "मामी, आत काय सोनं ठेवलंयस?" तो विचारायचा. "तुला काय करायचंय?" ती म्हणायची आणि त्याने का विचारलं याचा विचार करत बसायची.

पहिल्या महिन्यात वड्या झपाट्याने हलक्या झाल्या. ती घाबरली, काटा बदलून आणला. नवा काटाही तेच सांगू लागला. बाहेर कारखान्यात अबू लुत्फी साबण शिजवत होता, माल वर चढवत होता आणि दर खेपेला जिन्याच्या तोंडाशी थांबून हाक मारत होता, "चला रे कोणीतरी बरोबर!" आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं.

तीन महिने भरले. मम्दूह आला. दारातच उभा राहून त्याने तिला वड्या तोलायला लावल्या आणि आकडे लिहून घेतले. शंभराला चौदा. त्याच कापणीचा कारखान्यातला मालही उतरला होता, तोही चौदाच.

उम्म वसीम पलंगावर बसली. "म्हणजे चोरी नाही."

"नाही. वाऱ्याने नेलं." मम्दूहने चष्मा पुसला. तो खूश दिसत नव्हता. "पण उम्म वसीम, हे जुळायला नको होतं. कारखान्याचं थोडं जास्त घटायला हवं. गुरुवारचा साबण कुठे गेला?"

गुरुवारचा साबण सगळ्याच कारखान्यांत असतो. दर गुरुवारी प्रत्येक कामगार वाळत्या मालातल्या दोन वड्या घरी नेतो. तो त्यांचा हक्क, त्याची नोंद कोणी ठेवत नाही. शफीकला हे ठाऊक असणं शक्यच नव्हतं. हिला मात्र ठाऊक होतं आणि तरीही तिला ते सुचलं नव्हतं.

सुचल्याबरोबर संशयही आलाच. आठ माणसं, आठवड्याला सोळा वड्या. त्या नेल्या तर घट दिसायला हवी. दिसत नाही, म्हणजे कुठेतरी भरपाई होतेय. कढईत पाणी? ओल्या वड्या? चोरी नाही म्हणता म्हणता हे भलतंच निघालं, असं तिला वाटलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी न कळवता ती अबू लुत्फीच्या घरी जाऊन थडकली.

म्हाताऱ्याच्या बायकोने तिला त्याच्याबरोबर जेवायलाच बसवलं. मकलूबा भाताचं पातेलं ताटात उपडं केलं, दही वाढलं. जेवण होताच उम्म वसीम उठली. "हात धुते," म्हणाली आणि थेट मोरीकडे गेली. यासाठीच तर ती आली होती.

तिथे तिच्या छापाची वडी नव्हती. कोणाच्याच छापाची नव्हती. दुकानात मिळते तसली प्लास्टिकची गुलाबी बाटली होती, निम्मी पाणी घालून वाढवलेली.

"ही काय हो?" तिने विचारलं. "साबण शिजवणाऱ्याच्या घरात ही बाटली?"

म्हातारी ओशाळली. "काय सांगू बाई. हाज गेले तेव्हा यांनी सगळ्यांना सांगितलं, कारखाना सावरेपर्यंत गुरुवारचं कोणी न्यायचं नाही. दोन वर्षं झाली. यांच्या तर हाताला पुरळ येतं याने."

उम्म वसीमच्या हातावर गुलाबी फेस तसाच होता. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की नळ सोडायचंही सुचलं नाही. आयुष्यात तिने शेकडो लोकांवर संशय घेतला होता. पण कोणी तिला गुपचूप देत असेल, हा संशय तिला एकदाही आला नव्हता.

बाहेर येऊन ती अबू लुत्फीसमोर उभी राहिली. त्याचे हात मांडीवर होते, बोटांच्या बेचक्या लाल.

"माझं चुकलं, अबू लुत्फी. उद्यापासून सगळ्यांनी गुरुवारचं न्यायचं. आणि तुम्ही एकटेच वर जायचं, कोणी बरोबर नको."

म्हाताऱ्याने मान डोलावली.

"वड्या नेऊ. पोरांना सांगतो, खूश होतील." त्याने लाल बेचक्या चोळल्या. "पण वर मी आता एकटा नाही जाणार, उम्म वसीम. बरोबर माणूस असू दे. पुढच्या वेळी कमी भरलं, तर मला साक्षीदार लागेल."