काजळी गिळलेला पंप

मी एक जुना हवेचा पंप आहे. सोललेल्या नारळाएवढा, काळ्या प्लॅस्टिकचा, पोटात एक छोटी मोटर आणि एक पंखा. मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिले नसेल. मी एका पिवळ्या, दोन माणसांच्या स्पोर्ट्स गाडीत बॉनेटखालच्या कोपऱ्यात बसतो. गाडीभोवती जमणारी माणसे तिची रुंद चाके बघतात, तिच्या आवाजावर खूश होतात, तिला टेकून फोटो काढतात. माझ्याकडे कोणी बघत नाही. त्याचे मला दुःख नाही. मला आहे ती किळस, आणि ती का आली हे तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म दूरच्या देशातल्या एका कारखान्यात झाला. तिथली हवा इतकी स्वच्छ होती की माझ्या पंख्यावर धुळीचा कणही बसला नव्हता. काम सोपे होते. इंजिन गार असताना चालू केले की त्याला जास्त पेट्रोल लागते आणि त्यातले बरेचसे न जळताच धुराच्या नळीत येते. त्या वेळी मी बाहेरची ताजी हवा ओढायची आणि त्या नळीत फुंकायची, म्हणजे उरलेले पेट्रोल तिथल्या तिथे जळून जाते. थोड्या वेळात इंजिन तापते आणि मी गप्प होतो. माझ्यात आणि धुरात एक झडप असते. माझी हवा पुढे जाऊ द्यायची, धूर मागे येऊ द्यायचा नाही, एवढेच तिचे काम. माझे सारे आयुष्य त्या झडपेच्या भरवशावर होते.

गाडीचा पहिला मालक गोव्यातला एक हॉटेलवाला होता. पाहुण्यांची हौस म्हणून तो ओहोटीच्या वेळी ओल्या वाळूवरून गाडी पळवायचा. खारे पाणी खालून उडायचे आणि सगळ्या सांध्यांत जाऊन बसायचे. त्याने गाडीचा रंग दोनदा नवा केला, पण तिच्या पोटाखाली पाण्याचा एक फवाराही कधी मारला नाही. झडप गंजली आणि अर्धवट उघडी राहिली. मग तो धूर माझ्याकडे आला. गरम, ओला, आंबट धूर. तो माझ्या तोंडात थंड व्हायचा आणि त्याचे काळे पाणी व्हायचे. रोज सकाळी मी ते गिळत होतो. एक दिवस पंखा चिकटला तो सुटलाच नाही. चालकासमोर बिघाडाचा पिवळा दिवा पेटला, आणि मालकाने गाडी विकायला काढली.

ती घेतली गोव्याच्या सीमेजवळच्या आरोंदा गावातल्या नदीमने. नदीमचा मासळीचा धंदा. खाडीवरून येणारी कोळंबी आणि खेकडे बर्फात भरून तो गोव्याला पाठवतो. लहानपणापासून त्याला अशी गाडी हवी होती. घराला लागून त्याने पत्र्याची शेड उभारली आणि गाडी आत ठेवली. शेडच्या भिंतीपलीकडे त्याच्या आईची, हवाबीची, खोली होती. खिडकी नेमकी शेडकडे उघडायची. हवाबीला दमा होता.

सकाळी नदीम गाडी चालू करायचा आणि कच्च्या पेट्रोलचा भपकारा खिडकीतून आत शिरायचा. हवाबी ओढणी नाकाला लावून खिडकीत यायची.

"रे नदीमा, ही काय गाडी म्हणायची? गटार पेटवल्यासारखो वास येता."

"अम्मी, इंजिन थंड आसा. गरम झाला की वास जाता."

"तोवर माझो जीव जाता, त्याचा काय?"

नदीम हसायचा. पिवळा दिवा मात्र त्याच्या डोळ्यांना खुपत होता. त्याने काय केले असेल? काळ्या चिकटपट्टीचा तुकडा कापला आणि दिव्यावर चिकटवला. धुराच्या तपासणीचा दाखलाही त्याला रस्त्याकडेच्या टपरीवर मिळाला. तिथल्या माणसाने यंत्राची नळी गाडीच्या धुराड्यात घातलीसुद्धा नाही, फक्त नंबरपाटीचा फोटो काढला. माझ्या पोटात काजळी होती, पण त्या दोघांच्या वागण्याने मला जी शिसारी आली, ती काजळीने कधी आली नव्हती.

मग आषाढातली ती सकाळ आली. पाऊस तिरका लागत होता म्हणून नदीमने शेडचा दरवाजा लोटून घेतला, इंजिन चालू ठेवले आणि फोनवर बोलत घरात गेला. बर्फाची गाडी चुकली होती, त्याचा वाद लांबला. शेड धुराने भरली. मी अडकून पडलो होतो. एक घोट ताजी हवा पुढे ढकलणे माझ्याने होत नव्हते. भिंतीपलीकडे आधी खोकला ऐकू आला, मग भांडे पडल्याचा आवाज, मग काहीच नाही.

नदीमची बायको तस्नीम धावत आली. तिने शेडचा दरवाजा लाथेने उघडला, इंजिन बंद केले आणि सासूला खोलीतून अंगणात ओढत नेले. पावसात भिजत ती हवाबीची पाठ चोळत होती आणि नवऱ्याच्या नावाने ओरडत होती. त्यांनी हवाबीला सावंतवाडीच्या दवाखान्यात नेले. ती वाचली. पण घरी आली नाही. तिथूनच ती फोंडाघाटला लेकीकडे, आलिमाकडे गेली. जाताना एवढेच म्हणाली, "त्या गाडयेचो वास आसा तोवर मी ह्या घरात पाय ठेवचंय नाय."

नदीमने गॅरेजवाल्या महादूला बोलावले. महादूने वाकून माझ्याकडे पाहिले आणि नाक मुरडले.

"हो पंप काढून टाकू. भोकाक पत्रो मारू आणि गाडयेच्या कंप्युटराक सांगू, सगळा बरा आसा म्हणान. दिवो परत पेटाचो नाय."

नदीम होकाराची मान हलवणार होता. दारात उभी असलेली तस्नीम म्हणाली, "अम्मी काय त्या दिव्यान घुसमटली?"

महादू हत्यारे गोळा करून निघून गेला. नदीमने आत वाकून दिव्यावरची पट्टी नखाने खरवडून काढली. तिचा चिकट डाग तसाच राहिला.

दुसऱ्या दिवसापासून तो स्वतः कामाला लागला. दोष वाचायचे छोटे यंत्र त्याने मागवले. धुराच्या नळीत हवा कमी पडते, असे त्यावर आले. त्याने फ्यूज पाहिला, ठीक होता. माझ्या वायरीत वीज येत होती. मग त्याने मला सोडवून अंगणात आणले आणि थेट बॅटरीला जोडले. मी नुसता कण्हलो.

त्याने माझी हवा ओढायची नळी उपसली, तेव्हा आतून उंदराचे घरटे बाहेर पडले. चिंध्या, कोळंबीची टरफले, आणि त्यांत चिकटून सुकलेली दोन पिल्ले. मग त्याने मला उघडले. गंजाचे आणि काजळीचे दाट पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. मित्रांनो, सडलेल्या बांगड्याच्या टोपलीत हात घालणारा हा माणूस. तो माडाच्या बुंध्याशी गेला आणि भडाभडा ओकला.

तोंड धुऊन परत आल्यावर तो माझ्यासमोर उकिडवा बसला.

"ह्याच अम्मी रोज हुंगत होती," तो म्हणाला.

तस्नीमने त्याच्यासमोर चहा ठेवला. "नवो पंप मागवूया?" तिने विचारले.

"पंप आपोआप मेलो नाय. तेका कोणीतरी मारल्यान." त्याने गंजलेली झडप काढली, एका टोकाला तोंड लावून फुंकली, मग उलटी करून फुंकली. ओठांभोवती काळे कडे उमटले. तो थुंकला. "हिच्यात दोन्हीकडसून वारो जाता. एकाच बाजून जावक होयो. ही तशीच ठेवलंय तर नवो पंपपण कुजतलो."

झडप नवी आली. ताजी हवा जिथून धुराच्या नळीत शिरते ती भोके काजळीने बुजली होती, ती त्याने तारेने कोरून काढली. चिरलेल्या रबरी नळ्या बदलल्या. मला पुसले, वाळवले, पंख्याच्या टोकाला तेलाचा थेंब दिला. बॅटरी लावताच मी फिरलो. आवाज घोगरा होता, पण मी फिरलो.

मग त्याने मला पुन्हा बॉनेटखाली बसवले आणि आठवड्याने गाडी घेऊन तो फोंडाघाटला गेला. हवाबी आलिमाच्या ओटीवर बसली होती. गाडी बघताच तिने ओढणी तोंडावर ओढली.

"ही घाण हंय कित्याक हाडलंस?"

"दुरुस्त केलंय, अम्मी."

"तुझो शब्द नको माका. मी माझ्या नाकाक विचारतलंय."

तापलेल्या इंजिनाने काही सिद्ध होणार नव्हते, कारण माझे काम गार इंजिनावरच असते. म्हणून नदीम तिथेच मुक्कामाला राहिला. संध्याकाळभर आई त्याच्याकडे पाठ फिरवून बसली. जेवायला मात्र तिने त्याला वाढले.

सकाळी त्याने गाडी उघड्या अंगणाच्या टोकापर्यंत ढकलत नेली.

"अम्मी, तू दूर, ओटीरच रव. वारो थंयच येता. जुनो वास इलो तर ही गाडी आजच विकतंय."

त्याने चावी फिरवली. मी घरघरलो. ताजी हवा माझ्यातून पुढे गेली, आणि मागे काहीच आले नाही. आयुष्यात इतका जीव तोडून मी कधी फुंकले नव्हते. हवाबीने ओढणी हळूहळू खाली केली. तिने हुंगले. पुन्हा हुंगले.

"वास आसा," ती म्हणाली.

नदीमचा हात चावीकडे गेला.

"पण तो गटाराचो नाय. गाडयेचो आसा." ती उठली. "घराक येतंय. पण आधी ती शेड माझ्या खिडकीकडसून हलव. आणि गाडी चालू करशीत ती अंगणात, उघड्यार. तुझो पंप कितीय बरो असलो तरी."

आज शेड नाही. गाडी माडाखाली उभी असते आणि नदीम दर रविवारी तिचे पोट गोड्या पाण्याने धुतो. हवाबी अजून गाडीत बसलेली नाही, आणि मला वाटते ती बसणारही नाही. मलाही काजळीची चव पुरती विसरता आलेली नाही.

मित्रांनो, गाडीचा धूर गाडीत बसलेल्याला दिसत नाही, म्हणून तो त्याला आपला वाटत नाही. तुमच्या घरी गाडी असेल तर मोठ्यांना घेऊन, ती चालू असताना, उघड्यावर एकदा तिच्या मागे दूर उभे राहा आणि वारा कुणाच्या खिडकीकडे वाहतो आहे ते बघा.