अनोळखी पत्त्यावरून

कौसरला कोणी फसवू शकत नाही असं मिरकरवाड्यात सगळे म्हणत, आणि तिलाही ते पटलेलं होतं. बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्युटरवर बसणारी बाई ती. नवरा फैझान मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत मोटरमन. एकदा कुणा चोरट्याने ‘तुमचा नवरा परदेशी बंदरात अटकेत आहे’ असा खोटा मेल धाडला, तेव्हा तीन दिवस तिच्या घशाखाली घास उतरला नव्हता.

दुधाने तोंड पोळलं, मग तिने ताकही फुंकायला घेतलं. मेलवर पहाराच बसवला. अनोळखी पत्त्यावरून काही आलं की ते बाजूला अडायचं आणि पाठवणाऱ्याला तिच्या नावाने आपोआप उत्तर जायचं, ‘मी तुम्हाला ओळखत नाही. खालच्या लिंकवर जाऊन ओळख पटवा.’ चोर कशाला ओळख पटवतोय! फैझानच्या जहाजाचा पत्ता तेवढा तिने आधीच मंजूर करून ठेवला. जहाजावर इंटरनेट नव्हतं. सगळे खलाशी कप्तानाच्या एकाच पत्त्यावरून, उपग्रहामार्फत, नुसता मजकूर धाडत.

मार्चमध्ये जहाज विकलं गेलं. नव्या मालकाने नाव बदललं, तसा पत्ताही बदलला. जहाजांची नावं बदलतात हे खलाशाच्या बायकोला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंच, पण मेली ऐन वेळी अक्कल कुठे गेली कोण जाणे. फैझानचं काही येईना म्हणून सासरे सुलेमान कासावीस झाले, तर उलट तिनेच त्यांची समजूत घातली.

“अब्बा, दर्यात असंच होतंय. येईल मेल.”

मेल थांबल्याच्या बाविसाव्या दिवशी भरती करणाऱ्या एजंटाचा फोन आला. फैझान गेला होता. छातीत कळा येत असूनही कप्तानाने त्याला बंदरात उतरवलं नाही. “तुम्हाला कळवलं होतं म्हणे त्याने,” एजंट म्हणाला, “आम्हाला तरी सांगायचंत.” त्याचं ऑफिस घरापासून दहा मिनिटांवर होतं.

कौसरने अडवलेले मेल उघडले. लॉटरी आणि औषधांच्या जाहिरातींत नव्या पत्त्यावरून आलेले तीन मेल होते. पहिल्यात छातीत दुखतंय, एजंटाकडे जा, मला उतरवायला लाव. दुसऱ्यात तेच, घाईघाईने. तिसरा तिने दोनदा वाचला.

‘कौसर, तुझं उत्तर मिळालं. ओळखत नाही म्हणतेस. इथे लिंक उघडत नाही. मी फैझान, सुलेमानचा मुलगा, इरमचा बाप. आणखी काय लिहू?’