लाल फडक्याच्या खाली

मुलांनो, असं समजा की तुम्ही डोंगरातल्या एका नदीकाठी उभे आहात. पावलं गार पाण्यात, हातात रिकामा कॅन. डोळे मिटा म्हणणार होतो, पण मग वाचणार कसे? उघडेच ठेवा. दिसणार आहे ते मात्र फारसं छान नाही.

आपल्या गोष्टीतली मुलगी अशीच उभी होती. एका जागी टिकत नसे म्हणून घरचे तिला भिंगरी म्हणत. तीन कुटुंबं मिळून नदीकाठी तंबू ठोकून राहिली होती. काकाने पहिल्याच दिवशी काठावर दोन फडकी बांधली. वरच्या अंगाला निळं, तिथे फक्त प्यायचं पाणी भरायचं. खालच्या अंगाला लाल, तिथे भांडी, दात, आंघोळी. पाणी भरायचं काम भिंगरीकडे होतं. धाकटा भाऊ नुकताच पोटाच्या दुखण्यातून उठला होता. "त्याच्या पोटात घाण पाणी गेलं तर तसेच घरी परत," असं आईने बजावलं होतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी भिंगरीने कॅन बुडवला आणि तिच्या मनगटाला काहीतरी चिकटलं. नूडल! पांढरी, फुगलेली, बुळबुळीत. तिने ती झटकली, तोवर दुसरी आली. मागोमाग तेलाचे पिवळे ठिपके, टूथपेस्टचा फेस आणि त्या फेसात अडकलेला केसांचा गुंता.

"शी! शी शी शी!"

दोन दिवस हेच पितोय आपण? कॅन ओतून ती तरातरा वर निघाली.

वळणापलीकडे दुसरेच तंबू होते. एक बाई पाण्यात बसून पातेलं घासत होत्या. शेजारी त्यांच्या नवऱ्याने खळखळून चूळ भरली आणि थुंकली नदीत.

"अहो मावशी, आम्ही हेच पाणी पितो! माझा धाकटा भाऊ आत्ताच आजारातून उठलाय!"

बाई दचकल्या. "अगं, पण आम्ही नियमानंच वागतोय. प्यायचं वर, भांडी खाली. ते बघ, फडकंसुद्धा बांधलंय."

"तुमचं खाली म्हणजे आमचं वर!"

नवऱ्याने तोंड पुसलं. "घ्या! म्हणजे नदी आपल्या तंबूपाशी संपत नाही तर."

बाईंना मात्र हसू आलं नाही. त्यांनी पातेलं उचलून काठापासून लांब मातीत ओतलं आणि वरच्या झऱ्यावरून भिंगरीचा कॅन भरून आणला.

"भावाला हेच दे हं, बाळा."

भिंगरी धापा टाकत परतली. काका लाल फडक्यापाशी अंड्याचा तवा घासत होता.

"काका, वरचे लोक किती घाणेरडे आहेत! भांडी धुतात आपल्या पाण्यात."

"लोकांना अक्कल म्हणून नसते बघ," काका म्हणाला आणि त्याने तवा नदीत खळबळला.

अंड्याचे पिवळे तुकडे सुटले आणि दगडाला वळसा घालून खाली निघाले. भिंगरी बघत राहिली.

"काका, खाली कोण राहतं?"

"कोणी का राहीना. आपलं लाल फडकं जागेवर आहे ना?"

भिंगरीला आठवलं. काल इथेच तिने आणि धाकट्याने शर्यत लावली होती, कुणाचा फेस लांब थुंकला जातो त्याची. जिंकली होती तीच. आता तिला वरच्या लोकांची आली नव्हती एवढी किळस स्वतःची आली.

तिने काकाच्या हातातून तवा ओढून घेतला आणि कोरड्या मातीत ठेवला.

"अगं ए, वेडी झालीस का?"

तिने धाकट्याची बाटली कॅनमधून काठोकाठ भरली. उरलेल्या पाण्याचा कॅन छातीशी धरला आणि काठाकाठाने, त्या पिवळ्या तुकड्यांच्या पुढे जायला, ती खाली पळत सुटली. वळणावर एक आजोबा गुडघे टेकून ओंजळ भरत होते.

"आजोबा, थांबा! ते पिऊ नका," ती ओरडली. "घाण आमची आहे." आणि तिने झाकण उघडून कॅन त्यांच्यापुढे धरला.