बोगद्यापलीकडून दोन ठोके

दारव्ह्याच्या आमच्या घरामागे, सीताफळाच्या झाडांमधून, बाबांची रेल्वे फिरते. गुडघाभर उंचीचा सिमेंटचा ओटा, त्यावर लोखंडी पट्टीचे रूळ, एक स्टेशन, एक पूल आणि मुरमाच्या ढिगातून वळत जाणारा बोगदा. बोगद्याच्या एका तोंडापाशी उभं राहिलं की दुसरं तोंड दिसत नाही. बाबा आयटीआयत शिकवायचे. मुलं घरी गेली की ते कापडी पिशवीत काहीतरी घेऊन यायचे आणि अंधार पडेपर्यंत मागे घासत, जोडत बसायचे.

रविवारी त्यांचे मित्र यायचे. रूळ सगळ्यांना एकच, पण गाड्या ज्याच्या त्याच्या आवडीच्या. बाबांना मेलगाडीचं वेड. एसटीतून निवृत्त झालेल्या फुलसिंगकाकांनी शकुंतला बनवली होती, त्यांच्या तांड्याजवळून जायची तीच छोटी गाडी. आता ती खरी गाडी बंद आहे. पण इथे एक गंमत झाली होती. शकुंतलेचे खरे रूळ अरुंद, म्हणून आमच्या रुळांवर बसवताना ती मोठी करावी लागली. मेलचे खरे रूळ रुंद, म्हणून ती लहान झाली. फुलसिंगकाकांची धाकटी शकुंतला बाबांच्या मेलशेजारी म्हशीसारखी उभी राहायची. नेरच्या विमलताईंना गाड्यांचं काहीच नव्हतं. त्या मातीची माणसं करायच्या, कापसाच्या गाड्या करायच्या, बाजार मांडायच्या. त्यांची माणसं मेलच्या डब्यापेक्षा उंच होती.

"ताई, हे लोकं डब्यात शिरतीन कशी?" बाबा विचारायचे.

"त्यांना कुठं जायचं आहे? ती बाजाराला आलीत."

बाबा हसायचे; पण बोगद्यावर मात्र ते नेहमी कुरकुरायचे. त्याचं तोंड इतकं मोठं होतं की मेल आत शिरताना गोदामात मुंगी गेल्यासारखी दिसे. "एक दिवस हे मापात आणीन," असं मी त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले.

बाबा श्रावणात गेले. त्याच पावसात मुरूम खचला आणि बोगद्याचं पुढचं तोंड ढासळलं. बाबांच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेली माणसं परतल्यावर मी नागपूरला गेले, पण प्रत्येक सुट्टीला येत राहिले. आईला वाटलं मी तिच्यासाठी येते. मी बोगदा बांधत होते. मेलची उंची, रुंदी घेतली, खऱ्या बोगद्यांचे फोटो पाहिले, वीट कानशीने घासून दगडी दिसणारी कमान केली. माझी एकच इच्छा होती. बाबांच्या मनात होती तशी, मापात बसलेली रेल्वे एकदा चालवायची आणि मग सगळ्यावर ताडपत्री घालून ती तशीच जपून ठेवायची. निदान एक गोष्ट तरी त्यांना हवी तशी पूर्ण झालेली असावी.

मार्गशीर्षातल्या एका रविवारी मी दोघांना बोलावलं.

फुलसिंगकाका मांडीवर शकुंतला घेऊन रिक्षातून उतरले. विमलताईंनी खोक्यात एक नवीन बाई आणली होती, डोक्यावर पाटी घेतलेली. आईने चहा दिला. काकांनी कमान पाहिली, तिच्यावरून बोट फिरवलं.

"चांगलं केलं पोरी. बळीरामचा हात हाय तुह्या हाताले."

मग त्यांनी शकुंतला रुळावर ठेवली आणि सोडली. पूल ओलांडून, बाजाराला वळसा घालून ती बोगद्यापाशी आली आणि धुराड्यानं कमानीला धडकली. चाकं जागच्या जागी फिरत राहिली.

मी मापं किती नीट घेतली होती, हे मला आठवत होतं. फक्त एका गाडीची.

काकांनी गाडी बंद केली, धुराडं पुसलं. "राहू दे. शकुंतलाले सवयच हाय थांबाची. इथवर येईन अन् मांगं जाईन."

आणि खरंच त्यांनी तसंच केलं. गाडी बोगद्यापर्यंत आणायची, उलटी न्यायची. विमलताईंनी आपली पाटीवाली बाई बाजारात बसवली आणि तिचा पदर नीट करत राहिल्या.

"बाबांना मापातच हवा होता ना?" मी त्यांना विचारलं. "नेहमी म्हणायचे."

"म्हणायचे तर. अगं, पहिला बोगदा मापातच होता. तू तेव्हा कडेवर होतीस. मग हे फुलसिंग घेऊन आले आपली म्हैस."

"म्हैस नका म्हणू, ताई."

"बरं, घेऊन आले आपली राजकन्या. बळीरामभाऊंनी चहा पण पुरा घेतला नाही. हातोडी आणली आणि फोडला. आणि मग पुढं आयुष्यभर कुरकुर."

शकुंतला बाजूच्या रुळावर उभी करून काका म्हणाले, "चाल, आता बळीरामची मेल सोड. त्याच्यासाठीच तर आलो."

मी मेल रुळावर ठेवली. काका उठले आणि गुडघा धरत मुरमाच्या ढिगाला वळसा घालून निघाले.

"तुम्ही कुठं चाललात?"

"ठोके माराले."

लहानपणी ते माझं काम होतं. बोगद्यात कधी मांजर निजलेलं असे, कधी माती पडलेली. मी पलीकडच्या तोंडातून वाकून पाहायची आणि रुळावर पान्याने दोन ठोके मारायची. या बाजूला बाबा रुळाला हात लावून असायचे. ठोके हाताला लागल्याशिवाय ते गाडी सोडत नसत. बारावीनंतर मी घर सोडलं. ठोक्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता.

"मी गेल्यावर कोण मारायचं?"

"बळीरामच. इकून तिकडं जाये, ठोके मारे, मंग इकडं येऊन गाडी सोडे."

"पण मग इकडं ऐकायला कोण असायचं?"

"कोणीच नाही." काका थांबले. "मी म्हटलं त्याले, कायले मारतं बे, तूच तं पाहून आला. तं म्हणे, तिकडून ठोके आल्याबिगर गाडी सोडाची सवय नाही मले."

मी सीताफळांकडे पाहत राहिले. मग घरात गेले. आई भाजी निवडत होती.

"बाबांची हातोडी कुठे आहे?"

तिने दाराआडून काढून दिली. काहून, असं विचारलंही नाही.

कमान चांगली पक्की झाली होती. पहिल्या घावाला फक्त टवका उडाला. काका "हळू, बोटं सांभाळ" म्हणाले आणि विटा उचलायला वाकले. विमलताईंनी बाजारावर आपली ओढणी पसरली, माणसांवर धूळ बसू नये म्हणून. उरलेल्या तोंडाची कड वेडीवाकडी होती. काकांनी शकुंतला तिथे धरून पाहिली. वर चार बोटं जागा राहिली.

"बस झालं," ते म्हणाले. "तू जा तिकडं."

ढिगाला वळसा घालून मी पलीकडच्या तोंडाशी गेले. पाना तिथल्याच कोनाड्यात होता. त्याची मूठ हाताळून गुळगुळीत झालेली होती. वाकून आत पाहिलं. मांजर नव्हतं. दोन ठोके मारले. थोड्या वेळाने खडखडत शकुंतला आली, टपावर विटेचा चुरा घेऊन, आणि माझ्यासमोरून निघून गेली.

"साधना," पलीकडून काकांचा आवाज आला, "मेल सोडू काय? ठोक!"

मी पुन्हा वाकून पाहिलं, पुन्हा ठोकलं आणि हात रुळावरच ठेवला. लोखंड उन्हानं कोमट झालं होतं. आधी काहीच नव्हतं. मग हाताला बारीक थरथर लागली. गाडी अजून दिसत नव्हती.