कडीच्या आतली खाच

मर्लला मी तीनदा विचारलं होतं, कडीच्या आत काय आहे ते सांग. पण तो पडला शेवंड पकडणारा. आमच्या अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यावर ही मंडळी आपले सापळे कुठे टाकलेत ते सख्ख्या भावालाही सांगत नाहीत, मग माझ्यासारख्या पेटंटचे अर्ज लिहिणाऱ्या बाईला काय डोंबल सांगणार!

त्यानं शोधून काढलेली कडी मात्र झकास होती. सापळ्याच्या दोरात बसवायची. आपण वर ओढलं की घट्ट, देवमासा अडकून आडवा हिसका बसला की सुटलीच. संधिवातानं मर्लची बोटं वाकडी झाली होती, यंदानंतर दोर ओढणं जमणार नव्हतं. पेटंट मिळून त्याचे पैसे आले तरच होडी राहणार होती. चाळीस वर्षं त्या होडीवर काढलेला माणूस, तिच्याशिवाय काय करणार होता देव जाणे.

गेल्या एप्रिलमधल्या पहिल्या अर्जात त्यानं मला एवढंच लिहू दिलं, की आत योग्य ती रचना आहे. मी म्हटलं, बाबा रे, आज जेवढं लिहिशील तेवढ्यालाच आजची तारीख मिळेल, आणि ज्याची तारीख आधीची त्याचंच पेटंट. तो म्हणाला, वर्षभरात पूर्ण अर्ज करायचाच आहे ना, तेव्हा सांगतो. पेटंटच्या कचेरीत काय कमी चोंबडे असतात? आणि मी मूर्ख, वाद घालायचा कंटाळा केला. तो कंटाळा मला अजून खातोय.

या एप्रिलमध्ये पूर्ण अर्ज गेला, आतल्या तिरप्या खाचेसकट. काल कचेरीचं नकाराचं उत्तर आलं. मधल्या सप्टेंबरात कॅनडाच्या नोव्हा स्कोशियातल्या कुणीतरी हुबेहूब तशीच खाच मोजमापांसह आपल्या अर्जात लिहून दिली होती. चोरी नव्हती. त्यालाही सुचली, एवढंच.

"पण माझी आधीची आहे," मर्ल म्हणाला.

"तुझ्या डोक्यात आधीची आहे. कागदावर नाही."

आता काही करता येईल का, असं त्यानं विचारलं. माझं सगळं पाहून झालं होतं. नाही म्हणून सांगितलं.

मग माझी पेन्सिल घेऊन त्यानं कचेरीचं पत्र उलटं केलं आणि खाच काढायला लागला. तिरपेपणा कुठून सुरू होतो, जास्त का चालत नाही, करून पाहिलेली तिसरी कडी का फुटली, सगळं. वाकड्या बोटांतून पेन्सिल दोनदा निसटली. इतकं नेमकं वर्णन मला आजवर कुणी दिलं नव्हतं.

"थांबलीस का, लोर्ना? लिहून घे ना."

मी वही ओढली आणि पहिल्यापासून सगळं लिहून घेतलं.