निळी बाही

वडील गेल्यावर पाचव्या आठवड्यात धाकटी खाजवायला लागली.

धाकटी म्हणजे कुणाची बहीण नव्हे. पिंजऱ्यात उंदरांची एक जोडी होती, त्यातली ती दुसरी. पहिली थोरली. दोघी एकाच दिवशी दुकानातून आलेल्या, एकाच वयाच्या. पण थोरलीने आल्या आल्या पिंजऱ्याचा वरचा मजला पटकावला आणि तेवढ्यावरून वडिलांनी नाती लावून टाकली. एकतीस वर्षं त्यांनी एका संशोधन संस्थेच्या प्राणिगृहात काढली होती. तिथल्या उंदरांना नंबर असत, नावं नसत. निवृत्त झाल्यावर माणसं बागेत जातात, पत्ते कुटतात. हे सहाव्या दिवशी भोकं पाडलेल्या खोक्यातून दोन उंदीर घेऊन आले. “आता नुसते सांभाळायचे,” म्हणाले. “मोजमाप काही नाही.”

मुलगी आवराआवर करायला म्हणून वडिलांच्या त्या दोन खोल्यांत राहायला आली होती. आवरलं काहीच नव्हतं. चष्मा खिडकीत होता तसाच होता. सकाळी ती चहा घेऊन पिंजऱ्यासमोर बसायची, दाणापाणी घालायची, कागदाचा चुरा बदलायची आणि कामावर जायची. धाकटी मागच्या पायाने मान खाजवायची, इतकी भराभर की पाय दिसायचा नाही. दुसऱ्याच्या घरातला गळका नळ बघावा तसं तिने ते चार दिवस बघितलं. पाचव्या दिवशी मानेवरचे केस विरळ झाले आणि खाली खसखशीएवढ्या खपल्या दिसल्या. डोळ्याच्या कोपऱ्यात लालसर ओल.

“अगं बाई, रक्त रडतेय ही!” आत्या म्हणाली. आत्या दोन मजले खाली राहायची आणि रोज डबा घेऊन वर यायची; डबा निमित्त, भाचीकडे एकदा बघून जाणं खरं. “तूच दाणे भरवून भरवून उष्णता केलीयेस. खोबरेल चोळ जरा.”

“दाणे तू देतेस, आत्या.”

“मी दोन देते. दोन दाण्यांनी कुणी रडत नाही.” मग आवाज उतरवून, “तू रडलीस का गं एकदा तरी?”

मुलगी डब्याचं झाकण लावत होती. नीट बसेना. तिने ते काढून पुन्हा लावलं.

“रडून घ्यावं माणसाने,” आत्या झाकणाकडे बघत म्हणाली आणि तिच्या हातातून डबा घेऊन एका दाबात बंद केला.

प्राण्यांची डॉक्टर तरुण होती, बोलायला सरळ. तिने धाकटीला टॉवेलात गुंडाळलं, मानेवरच्या केसांवर पारदर्शक चिकटपट्टी दाबली, उचलली आणि काचेवर लावून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. बराच वेळ बघत राहिली.

“काही दिसत नाही.”

“म्हणजे किडे नाहीत?”

“सापडले नाहीत म्हणजे नाहीत असं नसतं. हे माइट्स फार बारीक. दहातल्या पाच वेळा हुलकावणी देतात. खाजवायची जागा बघा, मान आणि खांदे. मी तरी आहेत असं धरून चालते.” तिने धाकटीला छोट्या काट्यावर ठेवलं, वजनाच्या हिशोबाने औषधाचे थेंब काढले आणि दोन खांद्यांच्या मधोमध, जिथे जीभ पोचत नाही तिथे, केस बाजूला करून सोडले. मग थोरलीलाही.

“ही खाजवत नाही.”

“एका घरात राहतात ना? मग दोघींना. चौदा दिवसांनी परत. औषधाने किडे मरतात, अंडी मरत नाहीत. ती फुटली की दुसऱ्या खेपेला गाठायचं.” तिने धाकटीच्या नख्यांची टोकं कापली. “म्हणजे ओरबाडलं तरी रक्त निघणार नाही. आणि हे डोळ्याचं रक्त नव्हे. उंदरांचे अश्रूच लाल. ताण आला की येतात. घरात काही बदल झालाय?”

“एक माणूस कमी झालंय.”

डॉक्टरने मान हलवली, कागदावर काहीतरी लिहिलं. “पिंजरा कढत पाण्याने धुवा. लाकडाचं काही असेल तर टाकून द्या. पंधरा दिवस आत साधा कागद घाला, दुसरं काही नको. आत कापड आहे?”

“झोळी आहे. स्वेटरच्या बाहीची.”

“किती दिवसांनी धुता?”

मुलीने टॉवेलाची घडी घातली.

“शेवटची कधी धुतली?”

“पाच आठवडे झाले. साडेपाच.”

“मग तिथेच असणार,” डॉक्टर म्हणाली. तिच्या आवाजात दोष नव्हता. “उकळून काढा नाहीतर फेकून द्या. नुसती ह्यांच्या अंगावर औषधं घालून उपयोग नाही, तिथून परत चढतील. मान बघा हिची. आणखी आठवडाभरात जखमा चिघळतील.”

ती बाही अशी: वडिलांचा एक निळा स्वेटर होता, कोपरांवर झिजलेला. उंदीर आले त्या हिवाळ्यात त्यांनी कात्री घेऊन त्याच्या दोन्ही बाह्या कापल्या. एक पिंजऱ्यात झोळीसारखी बांधली, दुसरी धुऊन कपाटाच्या खणात ठेवली. दर रविवारी अदलाबदल. उरलेला स्वेटर ते बंडी म्हणून घालत. “दादा, हात गारठतील की रे,” आत्या म्हणायची. “त्यांना दिलेत ना, ते आहेत उबेला,” म्हणायचे. शेवटच्या रविवारी त्यांनी झोळी बदलली, बुधवारी दवाखान्यात गेले आणि घरी आलेच नाहीत. आत जी बाही होती ती त्यांच्या हातची होती. चार कोपऱ्यांना चार दोऱ्या, चार गाठी. बंडी दवाखान्यात कुठे गेली कुणाला माहीत नव्हतं. त्यामुळे मुलगी सगळं बदलायची, बाही तेवढी सोडून.

तिने त्याच संध्याकाळी पिंजरा न्हाणीत नेला. दोघींना बादलीत कागदावर ठेवलं. गाठींना हात घालायच्या आधी ती बराच वेळ उकिडवी बसून राहिली. कात्री जवळ आणून ठेवली होती. वडिलांच्या गाठी सुटायच्या नाहीत असं तिने धरलं होतं. एक टोक ओढलं. गाठ सर्रकन सुटली. दुसरीही. चारही गाठी एकेका ओढीत सुटल्या. दर रविवारी सोडायच्या म्हणून मारलेल्या.

बाही हातात आली. तिने ती उकळत्या पाण्यात टाकली नाही आणि फेकलीही नाही. प्लास्टिकच्या पिशवीत घातली, हवा काढली, तोंड चिकटपट्टीने बंद केलं.

तिची नोकरी एका मोठ्या ग्रंथालयात, दुरुस्तीच्या खोलीत. फाटकी पानं, सुटलेले पुठ्ठे, वाळवीने चाळण केलेली पोटं. किड्यांनी धरलेली पुस्तकं तिथे औषध मारून वाचवत नाहीत. पिशवीत बंद करून कोपऱ्यातल्या पेटीएवढ्या फ्रीझरमध्ये घालतात. थंडीने किडा मरतो, अळी मरते, अंडी मरतात, आणि पुस्तकाचं अक्षर हलत नाही. काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. आतलं खोलीच्या हवेला येऊ द्यायचं, नाहीतर दव धरतं. हे तिने शंभर वेळा केलेलं काम. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी: काय आहे, आत कधी घातलं, बाहेर कधी.

दुसऱ्या दिवशी तिने निळ्या बाहीची पिशवी तिथे नेली आणि तिलाही चिठ्ठी लिहिली. नेम तो नेम.

दुपारी बाइंडरकाका फ्रीझरशी वाकले. ते त्या खोलीतले सगळ्यांत जुने. पुस्तक हातात घेतलं की आधी वास घ्यायचे, मग चष्मा लावायचे.

“‘बाही, एक. निळी,’” त्यांनी चिठ्ठी वाचली. “हे कुठल्या कपाटातलं?”

“माझं आहे, काका. वडिलांचं.”

“लेखक की विषय?”

ती हसली नाही, पण हसू यायची जागा तिला जाणवली, बधिर हिरडीवर जीभ फिरवावी तशी.

“किडे झालेत,” ती म्हणाली.

“तेरा दिवस लिहिलेस. आपण पुस्तकाला सात देतो.”

“त्याच दिवशी उंदरांना दुसरा डोस आहे. म्हटलं, एकदमच.”

काकांनी पिशवी उलटसुलट केली, तोंड नीट बंद आहे का ते अंगठ्याने तपासलं आणि दोन जाडजूड खंडांच्या मधे ठेवली. “वरिष्ठांनी विचारलं तर मी सांगेन, बांधणीचं कापड आहे म्हणून,” म्हणाले.

चौदा दिवस तसेच गेले. पिंजऱ्यात साध्या कागदाच्या पट्ट्या. धाकटी आधी जास्तच खाजवायची, मग बोथट नख्यांनी उगाच खाजवल्यासारखं करायची, मग विसरायची. खपल्या एकेक करून गळल्या. आठव्या दिवशी मानेवर मखमलीसारखी लव आली. मुलगी ते बघत होती. बरं वाटतंय की नाही हे तिला सांगता आलं नसतं. झोळी नाही म्हणून दोघी तिच्या मांडीवर झोपायला लागल्या. थोरली तर थेट तिच्या करड्या लोकरी जाकिटाच्या बाहीत शिरायची आणि कोपरापाशी जाऊन मुटकुळं करायची. हात हलवता यायचा नाही. ती एका हाताने पुस्तकाची पानं उलटायची.

मोठ्या भावाचा फोन आला. तो दुसऱ्या गावी. “माझ्या ऑफिसातल्या एकांच्या घरी उंदीर घेतील म्हणतायत. पण किडेबिडे असलेले नको म्हणाले. बरी झाली की कळव, मी न्यायला येतो. तू कुठवर अडकून राहणार तिथे?”

“बरी झाली की कळवते,” ती म्हणाली.

चौदाव्या दिवशी दुसरा डोस झाला. डॉक्टरने केस बाजूला करून पाहिलं, “छान,” म्हणाली, आणि खातरी म्हणून पुन्हा एकदा चिकटपट्टी लावून बघितली. काही नव्हतं. परत कामावर जाऊन मुलीने फ्रीझरमधून पिशवी काढली. घरी येऊन टेबलावर ठेवली आणि बाही हवेला यायची वाट बघत बसली. पिशवीवर बाहेरून दव आलं, ओघळलं, वाळलं.

आत्या डबा घेऊन आली तेव्हा ती तशीच बसली होती.

“हे काय, मासे आणलेस?”

“दादाची बाही आहे,” ती म्हणाली. वडिलांना ती दादा कधीच म्हणायची नाही. आत्याचा शब्द तिच्या तोंडून गेला.

आत्याने डबा ठेवला. तिला जवळ घेतलं, डोकं पोटाशी धरलं. आणि तशीच थबकली.

“अगं,” आत्या म्हणाली, “तुझ्या अंगाला दादाचा वास येतोय.”

“काहीतरीच.”

“काहीतरीच काय? कामावरून यायचा तेव्हाचा. ओल्या भुशाचा, कोमट… आई त्याला दारातच कपडे बदलायला लावायची. मी झोपेतसुद्धा ओळखेन.”

मुलीला तो वास माहीत होता. शाळेत शेजारच्या मुलीने बाक बदलला होता त्या वासापायी. तिने घरी येऊन वडिलांना सांगितलं होतं, न्यायला येता तेव्हा फाटकाशी उभे राहू नका. ते ‘बरं’ म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून रस्त्याच्या पलीकडे, विजेच्या खांबाशी उभे राहायला लागले. वर्षभर तिथेच. तिने ते कधी परत घेतलं नाही आणि त्यांनी कधी विषय काढला नाही.

तिने जाकिटाची करडी बाही नाकाशी नेली. जिथे थोरली झोपायची तिथे, कोपराशी.

मग तिने पिशवी उघडली आणि निळी हुंगली. दोन्हींत फरक नव्हता. आत्या काहीतरी बोलत होती, ते तिला थोड्या वेळाने ऐकू आलं. “…पाणी देऊ का तुला?”

“नको.”

रविवारी सकाळी तिने पाणी उकळलं. निळी बाही बादलीत टाकून वर साबण घातला, लाकडी दांड्याने खाली दाबली. पाणी आधी करडं झालं, मग थोडं निळं. तिने ते ओतून दुसरं घेतलं, मग तिसरं. पिळून दोरीवर टाकली. खणातून दुसरी, धुतलेली बाही काढली. तिला नुसता साबणाचा वास होता. चार कोपऱ्यांना दोऱ्या ओवल्या. तसली गाठ तिला येत नव्हती. दोन वेळा चुकली, एकदा घट्ट बसली ती दातांनी सोडवली. वडील कशी मारायचे ते आठवेना, म्हणून हातांना करू दिलं. चौथ्या खेपेला फास बसला. ओढून बघितलं: सुटला. पुन्हा मारला.

थोरली पहिल्यांदा चढली, हक्काने. धाकटी खालून बघत राहिली, मग बाहीच्या दुसऱ्या तोंडातून आत घुसली. आत थोडी ढकलाढकली झाली. झोळी हलायची थांबली.

भावाचा फोन तेव्हाच आला. “काय म्हणाली डॉक्टर?”

“बरी आहे. मानेवर केस आलेत.”

“चला, सुटलो. मग येतो मी पुढच्या रविवारी न्यायला?”

दोरीवरच्या बाहीतून अजून थेंब गळत होते. ती खाली ठेवलेलं घमेलं पायाने जरा सरकवत होती.

“रविवारी नको,” ती म्हणाली. “रविवारी बाही बदलायची असते.”

“मग शनिवारी?”

भावाने तिकडून दोनदा तिला हाक मारली. तिच्या गालावर काहीतरी सरकत होतं, खाजत होतं. तिने जाकिटाच्या बाहीने ते पुसलं.

“शनिवारीही नको,” ती म्हणाली.