चिंचघाटची पाटी

मित्रांनो, मी एक जुनी पाटी आहे, रेल्वे स्टेशनची. माझ्या पिवळ्या अंगावर काळ्या अक्षरांत 'चिंचघाट' लिहिलेलं होतं. पुलगावच्या एका लोहाराने जाड पत्रा ठोकून मला घडवलं आणि आर्वीकडे जाणाऱ्या छोट्या रुळांच्या कडेला दोन खांबांवर उभं केलं.

आमची गाडी फार सावकाश चालायची. बाहेरगावचे लोक तिला हसत. पण ती आमच्याकडे थांबायची. अनुसयाबाई लग्न होऊन त्याच गाडीने आली. तिला वाचता येत नव्हतं, पण लांबून माझा पिवळा रंग दिसला की आपलं गाव आलं, एवढं तिला कळायचं. नवरा लवकर गेला. मग ती रोज वांग्यांची टोपली घेऊन पुलगावच्या बाजाराला जाऊ लागली. त्या वांग्यांवरच तिने काजलला, आपल्या एकुलत्या एका मुलीला, कॉलेजात घातलं.

पुढे गाडी बंद झाली. तोट्यात चालते, म्हणाले. रुळांत बाभळी माजल्या. काजल डांबरी रस्त्यापर्यंत पायी जायची. एसटी कधी मिळायची, कधी हुकायची. शेवटी तिचं कॉलेज सुटलं. लग्न होऊन ती लांब गेली. मलाही गंज चढला आणि कोणी वर पाहीनासं झालं.

अन् एके दिवशी बातमी आली, की सरकार बंद मार्ग पुन्हा सुरू करणार, इथे मोठी लाईन येणार! मित्रांनो, काय सांगू तुम्हाला! रूपराव पेंटरने आपण होऊन माझा गंज खरवडला, मला नवा रंग दिला. अनुसयाबाईने पदराने माझी धूळ पुसली.

"आता माही काजल गाडीनं येईन," ती रूपरावला म्हणाली.

मग मोजणीवाले साहेब आले. त्यांनी समजुतीच्या सुरात सांगितलं, "मावशी, लाईन होणार. पण इथे स्टेशन राहणार नाही. इथे प्रवासीच नाहीत."

"गाडीच नाई त मानसं चढतीन कशात, साहेब? एकडाव थांबवून त पाहा!"

माणूस वाईट नव्हता. साहेब तिने दिलेलं पाणी प्यायले आणि जीपमध्ये बसले.

मला उपटून काढलं, तेव्हा माझा रंग अजून कोरा होता. आता मी चहाच्या टपरीसमोर नालीवर पालथी पडले आहे. नाव खाली, पाठ वर. लोक माझ्यावरून ये-जा करतात.

मित्रांनो, थोड्यांच्या उपयोगाची वस्तू मोडायची वेळ आली, तर आधी त्या थोड्यांना विचारा. एवढंच माझं मागणं आहे.

अनुसयाबाई अजूनही टपरीवर येते. माझ्यावर ती पाय देत नाही. चिखलातून वळसा घालून जाते.